चौदा कडुबा

मेंढपाळ संघाच्या ऑफिसात लागून तनुजाला तीन महिने होत आले होते. सोमवारी संघाचे अध्यक्ष तात्यासाहेब तिला कायम करायचं की नारळ द्यायचा, ते ठरवणार होते. नोकरी टिकावी म्हणून बिचारी डबासुद्धा टेबलावरच खायची.

आठवड्याचं काम तसं सोपं होतं. कॉम्प्युटरवर सभासदांचं एक टेबल आणि ज्यांचे मोबाइल नंबर बदलले त्यांचं दुसरं. दुसऱ्यातले नंबर पहिल्यात टाकायचे. दोन्हींत नाव, गाव आणि ‘ओळख’ असे रकाने होते. आधीच्या कारकुनानं बजावलं होतं, तिन्ही जुळले तरच नंबर बदलायचा. पण त्या ओळखीच्या रकान्यात होतं काय, तर चकणा, मिशाळ, उधळ्या! तनुजाला वाचूनच कसंतरी झालं. तिनं क्वेरीत, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमात, नाव आणि गाव तेवढं जुळवलं, ओळख सभ्यपणे वगळली आणि बटण दाबलं.

बदललेले नंबर होते दोनशे पाच. स्क्रीनवर आलं, दोनशे अठरा ओळी बदलल्या. बाईसाहेब खूश, तेरा जास्तीच झाल्या की! जुन्या टेबलाची नक्कल काढून ठेवायला हवी होती, पण एवढ्या आनंदात कोणाला सुचतंय?

शुक्रवारी दुपारी तिनं मेंढ्यांच्या लशीचे मेसेज सोडले. प्रत्येकाला त्याच्या पाळीची वेळ. दहा मिनिटांत फोन वाजला.

‘‘ताई, मी कडुबा बोलतो. सिल्लोडच्या पल्याडच्या वाडीवरून. तुमचा मेसेज आला.’’

‘‘बरं झालं, मामा.’’

‘‘चौदा डाव आला. सहाला या, सव्वासहाला या, साडेसहाला या. मेंढरं साठ हायेत माझी, पर मी एकलाच हाय. कितींदा येऊ?’’

तनुजानं टेबल उघडलं आणि कपाळावर हात मारला. त्या वाडीत नवसाच्या पोराला कडुबाच म्हणायची रीत, आणि अख्खी वाडी एकाच भावकीची, म्हणजे आडनावही एकच. वाडीतून नंबर बदलला होता एका कडुबानं, आणि संघाच्या चौदाही कडुबांच्या नावापुढं आता त्याचाच नंबर बसला होता. बाकीच्या तेराजणांचे नंबर गेले ते गेलेच. शेजारच्या गावात मेंढ्यांना रोग लागला होता. उद्या हे तेरा कळप चुकले असते, तर लसवाले पुन्हा दोन महिने फिरकले नसते.

‘‘मामा, माझी चूक झाली,’’ ती म्हणाली. ‘‘बाकीच्यांना त्यांच्या वेळा सांगाल?’’

‘‘सांगतो की. कोन्या कडुबाची कोनती?’’

आता आली का पंचाईत! शेजारी तात्यासाहेब बसलेले. तनुजा तोंडावर हात धरून पुटपुटली, ‘‘चकणा. सहा वाजता.’’

‘‘हां, बारवेपाशी ऱ्हातो. म्होरं?’’

‘‘मिशाळ. सव्वासहा.’’

‘‘व्हय, लई मोठ्या हायेत!’’

‘‘उधळ्या. साडेसहा.’’

प्रत्येक नावाला मामा खो खो हसायचा आणि वर त्या माणसाची एखादी गोष्ट सांगायचा. तेरा कडुबांना वीस मिनिटं लागली. मग त्यानं विचारलं, ‘‘आन् माझ्याम्होरं काय लिवलंय?’’

‘‘काही नाही, मामा.’’

‘‘काही नाय कसं? खरं सांगा.’’

तिनं पाहिलं आणि तिला रडूच आलं. हा रागावला तर तेरा कळप गेले आणि सोमवारी नारळ ठरलेला. पण ज्यानं आपली लाज राखली त्याच्याशी खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं. तिनं डोळे मिटले. ‘‘बडबड्या.’’

वीस मिनिटांत पहिल्यांदाच मामा हसला नाही.

‘‘बराबर लिवलंय,’’ तो म्हणाला. ‘‘मग तुम्ही कशाला घाबरता, ताई? दिवस मावळायच्या आत तेराच्या तेरा घरी सांगून येतो. न इचारलेलं बी सांगतो.’’

शनिवारी चौदाही कळप वेळेवर हजर होते.

सोमवारी तात्यासाहेबांनी कायम केल्याचं पत्र तिच्यापुढं सरकवलं. शुक्रवारचा अख्खा फोन त्यांनी ऐकला होता. ‘‘नोकरांच्या टेबलात बी ओळखीचा रकाना हाय,’’ ते म्हणाले. ‘‘तुझा रिकामा दिसतोय. भर.’’

तनुजानं आधी टेबलाची नक्कल काढून ठेवली. मग स्वतःच्या नावापुढं लिहिलं, ‘तेरा जास्तीवाली’, आणि श्वास रोखून बटण दाबलं.

एक ओळ बदलली.