केळ्यांनी गप्प केलेला गिअरबॉक्स

मित्रांनो, मी भित्रा आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमचा अपेक्षाभंग व्हायला नको. एका जुन्या, लाल, दोन माणसांच्या स्पोर्ट्स गाडीच्या पोटात राहणारा गिअरबॉक्स मी. लोक गाडीचा रंग बघतात, नाक बघतात. मला कोणी बघत नाही, आणि मीही जग बघितलेलं नाही. मला ठाऊक आहे तो फक्त गिअरच्या दांड्यावर येणारा हात. त्यावरून मी ओळखतो, मालक जेवलाय का, भांडलाय का, खोटं बोलतोय का.

माझा जन्म ब्वेनोस आयरेसजवळच्या एका कारखान्यात झाला. बाहेर ॲल्युमिनियमची पेटी, आत पोलादी दातेरी चाकं आणि प्रत्येक गिअरला एक पितळी कडं. वेगवेगळ्या वेगाने फिरणारी दोन चाकं जोडायची, तर हे कडं आधी दोघांचा वेग सारखा करून देतं. लग्नं जुळवणाऱ्या मावशीसारखं.

कोर्दोबा शहरात औषधांचं दुकान चालवणाऱ्या एवारिस्तो बाराओनाने गाडी घेतली, तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते आणि शेजारच्या सीटवर नेलिदा होती.

“गिअर बघ, लोण्यासारखा पडतो!” तो म्हणायचा.

“मग लोण्याशीच लग्न कर,” ती म्हणायची.

शेवटी त्याच्याशी लग्न तिनेच केलं. त्या काळात माझं कौतुक व्हायचं आणि तेलही बदललं जायचं. पुढे तेल बदलणं थांबलं. कौतुक चालू राहिलं, कारण त्याला खर्च येत नाही.

व्हायचं तेच झालं. दुसऱ्या गिअरचं कडं झिजलं. आधी मी कुरकुरलो, मग उतारावर दुसरा गिअर आपोआप निसटायला लागला. चढाचं मला काही वाटत नाही. उतारावर मात्र इंजिनाने गाडीला मागे ओढून धरायचं असतं, आणि ती ओढ माझ्यातून जाते. माझी पकड सुटली की उरतात नुसते ब्रेक, आणि जुने ब्रेक चार वळणांत तापून हात टेकतात. ह्या भीतीने मी ओरडायला लागलो. मला बोलता येत नाही, तेवढंच येतं.

अशात एवारिस्तोच्या नातीला पंधरावं लागत होतं. आमच्याकडे मुलीचा पंधरावा वाढदिवस म्हणजे लग्नापेक्षा कमी नसतो. समारंभ मीना क्लावेरो गावात, म्हणजे डोंगराच्या पलीकडे. मधे मोठा घाट.

“ह्या रडक्यात बसून मी घाट उतरणार नाही,” नेलिदा म्हणाली. “मी आपली बसने जाईन.”

“अगं म्हातारे, पोरीच्या पंधराव्याला आपण बसने?”

“बस कंटाळवाणी असते. पण पोचते.”

एवारिस्तो मला घेऊन गॅरेजवाल्या तुचोकडे गेला. तुचो नेलिदाचा धाकटा भाऊ. त्याने कान देऊन ऐकलं.

“खोलावा लागेल, भावजी. महिना जाईल.”

“समारंभ शनिवारी आहे.”

“मग घाट उतरू नका.”

“मला तो बरा नकोय, तुचो. गप्प हवाय.”

तुचोने सुस्कारा सोडला. “केळी आणा. पिकलेली.”

हसू नका, मित्रांनो. आमच्याकडे जुनी गाडी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारताना ही युक्ती करतात. कुस्करलेली केळी तेलात घातली की दात्यांवर लगदा बसतो आणि आवाज दबतो.

“हे मी परक्यांना करतो, नातेवाइकाला पहिल्यांदाच,” तुचो म्हणाला. “उतारावर दुसरा गिअर हाताने दाबून धरा. खाली पोचेपर्यंत सोडू नका. आणि माझ्या बहिणीला सांगा.”

एवारिस्तोने तीनपैकी दोन गोष्टी मनावर घेतल्या.

चढताना नेलिदा खूश होती. “कसा शहाण्यासारखा चालतोय! काय केलंस?”

“तेलाचं बघितलं जरा.”

माथ्यावर धुकं लागलं. उतार सुरू झाला. एवारिस्तोचा डावा हात स्टिअरिंगवर, उजवा माझ्या दांड्यावर, घामाने ओला. नेलिदाने थर्मास उघडला. आमच्याकडे प्रवासात शेजारी बसलेल्याने येर्बाच्या कडू पाल्यावर गरम पाणी ओतायचं, चालवणाऱ्याला पेला द्यायचा आणि त्याने तो घ्यायचा. पहिला पेला नाकारतो तो आजारी तरी असतो, नाहीतर रुसलेला.

“धर.”

“नंतर.”

“नंतर? लग्नाआधीपासून तू कधी ‘नंतर’ म्हणाला नाहीस. छातीत दुखतंय का?”

“नाही गं.”

“मग माझ्यावर चिडलायस.”

“नाही, नाही!”

“मग घे की. हात भाजतोय माझा.”

तो काय ठरवतोय ते मला त्याच्या तळव्यातून कळलं. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. केळ्यांतून ‘बुळुक’ एवढंच बाहेर आलं. त्याने हात उचलून पेला घेतला.

दुसरा निसटला.

गाडी एकदम हलकी झाली आणि सुटली. एवारिस्तोने ब्रेक दाबला. एक वळण निभावलं, दुसऱ्याला जळका वास आला, तिसऱ्याला पेडल खोल गेलं. येर्बा त्याच्या मांडीवर सांडली होती. त्याने दांडा रेटला. पूर्वी चाकं जुळल्याचं त्याला माझ्या आवाजावरून कळायचं. आता कसला आवाज! त्याने अंदाजाने पुन्हा रेटलं आणि माझा एक दाता तुटला.

“काय झालंय, एवारिस्तो?”

“दुसरा पडत नाही!”

“मग तिसरा टाक, गाढवा!”

तिसरा पडला. वेग जरासा आवरला, पण चाक रस्त्याकडेच्या खडीवर गेलं आणि खडी दरीत पडताना मी ऐकली.

“दुसरा निसटतो,” एवारिस्तोने कबूल केलं. “दाबून धरावा लागतो.”

“मी धरते. तू रस्ता बघ.”

तुटका दाता लगद्यात फिरत होता. त्याने लगदा खरवडला आणि माझ्या घशातून बारीकशी किंकाळी निघाली. एवारिस्तोने ती ऐकली. क्लच, ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच. किंकाळी हव्या त्या सुरावर आली तेव्हा त्याने दांडा ओढला. दुसरा पडला. लगेच दोन हात येऊन बसले. लहान, गार, मला अनोळखी. त्या हातांत खोटं काही नव्हतं, नुसती भीती होती. माझ्याइतकीच.

पायथ्याशी गाडी थांबली तरी तिची बोटं सुटेनात. एवारिस्तोने ती एकेक करून सोडवली, आणि मग केळ्यांचं सांगितलं.

“तुला भीती वाटू नये म्हणून गं...”

“माझी भीती बरोबर होती, म्हाताऱ्या! तू भीती तेवढी काढलीस. घाट तिथेच ठेवलास.”

आता तुचोच्या टेबलावर मी उघडा पडलोय. तसलं कडं बाजारात मिळत नाही, म्हणून तो लेथवर करून घेतोय. ते बसेल की मी भंगारात जाईन, ह्या विचाराने मी पुन्हा भितोय.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादा पंप, एखादा पंखा, एखादं म्हातारं माणूस कुरकुरत असेल. त्याला गप्प करणं सोपं असतं, स्वस्तही असतं. पण ओरडणारा आधी स्वतः घाबरलेला असतो. कशाला घाबरलाय, ते एकदा खोलून बघा.

काल नेलिदा गॅरेजात आली होती. तुचो तिला म्हणाला, “ताई, कडं बसलं तरी हा थोडा ओरडणारच.”

“ओरडू दे,” ती म्हणाली. “मी ऐकत बसेन.”