जिन्यावरचा बल्ब

"ही बघ, टोपीवर माझीच खूण आहे." चेकरसाहेबांनी उडालेला बल्ब दुकानाच्या फळीवर ठेवला. "म्हणजे खालच्या भाडेकरूने बदललेला नाही. मग तूच जुना माल गळ्यात मारतोयस."

आयुष्यभर बसमध्ये तिकिटं तपासलेला माणूस. निवृत्त झाल्यावरही संशय काही निवृत्त झाला नव्हता. दुधातसुद्धा त्यांना विनातिकीट पाणी दिसे.

दुकानदाराने बल्ब उजेडासमोर धरला. "काका, काच आतून काळवंडलीये. तार तापते म्हणून उजेड पडतो, आणि तापून तापून ती झिजते. एखादी जागा पातळ झाली, की थंड तारेत बटण दाबताक्षणी विजेचा लोंढा घुसतो अन् ती तिथंच तुटते. घरी कुणी सारखं चालू-बंद करतं का?"

"आम्ही दोघंच तर आहोत."

"मग हा एलईडी न्या. जुन्या बल्बची बहुतेक वीज नुसती तापण्यात जाते. हा हाताला गरमसुद्धा लागत नाही."

जिन्याच्या वरच्या टोकाला, भिंतीवर, त्यांनी तो स्वतः लावला.

"पिवळाच आणायचा ना हो," बायको म्हणाली.

"का?"

"सवयीचा होता."

चेकरसाहेबांनी कान टवकारले. तिकीट नसलेला माणूस असाच चटकन उत्तर देतो.

संध्याकाळी ते फिरून लवकर परतले आणि जिन्याखालच्या सायकलीआड उभे राहिले. दिवा सारखा चालू-बंद करणाऱ्या भाडेकरूला आज रंगेहाथ पकडायचंच. बटणं दोन, एक खाली, एक वर. दिवा कुठूनही लावता येई, विझवता येई. त्यामुळे नुसत्या बटणाकडे बघून काही कळायचं नाही.

दिवा लागला. थोड्या वेळाने विझला. परत लागला. परत विझला.

"सापडला!" असं मनाशी म्हणत ते दबकत पुढे आले, तोच दिवा पुन्हा लागला आणि त्यांनी वर पाहिलं.

भाडेकरू नव्हता. बायको उभी होती. एक हात बटणावर, दुसऱ्या हाताचा तळवा बल्बला लावलेला. तोंड थेट उजेडाकडे, पण पापणी लवत नव्हती. तळव्याला ऊब लागतेय का, याची ती वाट बघत होती. मग तिने नाही अशी मान हलवली.

डोळ्यांत थेंब टाकल्यापासून अगदी स्वच्छ दिसतं, असं ती म्हणाली होती. तेवढी एकच गोष्ट त्यांनी तपासली नव्हती.

त्यांच्या हाताचा धक्का लागून सायकल वाजली.

"अहो, आलात?" तिने घाईघाईने बटण दाबलं, आणि जिना काळाकुट्ट झाला. "दिवा लावलाय हं. गुडघा सांभाळून या."

चेकरसाहेबांनी चाचपत कठडा धरला. खालचं बटण त्यांच्या कोपराशीच होतं. ते दाबलं असतं तर तिला खटका ऐकू गेला असता.

"हो," ते म्हणाले, "लख्ख दिसतंय." आणि पायाने पहिली पायरी शोधू लागले.