जोसेफिनच्या सीटवरून सेंट ऑगस्टिनपर्यंत

मी एक उशी. डोक्याखालची नव्हे, गाडीत बसायची. चार इंच जाड, टणक फोमची, वर मरून कापड. शारजात सीटकव्हरं शिवणाऱ्या जमालनं मला बनवलं. त्यानं माप ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, इतना ऊँचा?" समोर उभी असलेली बुटकी बाई म्हणाली, "भैया, स्टिअरिंग के ऊपर से रोड दिखना चाहिए."

ती जोसेफिन. मूळची वसईची, राहायला शारजात, दुबईत एका हॉटेलच्या लाँड्री विभागाची सुपरवायझर. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत ती पाच वेळा नापास झाली होती. सहाव्यांदा माझ्यावर बसून पास झाली आणि घरी येऊन तिनं मला चक्क थोपटलं.

पण वर्षभरातच दुबईच्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये मागून एक व्हॅन आदळली. लागलं कुणालाच नाही, पण जोसेफिननं चावी हुकाला अडकवली आणि म्हणाली, "खलास. आता तूच चालव, विन्स्टन." मी बाल्कनीत गेले. कपडे वाळत घालताना ती माझ्यावर पाय देऊन उभी राहायची. तीन वर्षं मी दोरीवरच्या टॉवेलांचं पाणी अंगावर घेतलं.

विन्स्टन, तिचा नवरा, पंचवीस वर्षं इथे गाडी चालवत होता. एका रविवारी मॉलच्या पार्किंगमध्ये त्यानं खांबाला गाडी घासली आणि खांब चुकीच्या जागी बांधलाय म्हणून आर्किटेक्टला शिव्या घातल्या. त्याच आठवड्यात तो डोळे तपासून आला. "काय म्हणाले डॉक्टर?" जोसेफिननं विचारलं. "नॉर्मल." एवढंच. मात्र दुसऱ्या दिवशी तिनं मला बाल्कनीतून उचललं, झटकलं आणि खालच्या मजल्यावरच्या मैथिलीच्या गाडीत नेऊन ठेवलं.

मैथिली पुण्याची, तिची मैत्रीण. दर शनिवारी सकाळी दोघी शेजारच्या अजमानच्या मोकळ्या रस्त्यांवर जायच्या. पहिल्या दिवशी जोसेफिन इतकी थरथरत होती की माझ्या शिवणी उसवतील असं वाटलं. "हळू, पण थांबू नकोस," मैथिली म्हणायची. घरी सांगितलं होतं, चर्चमध्ये क्वायरची प्रॅक्टिस आहे. दोन महिने हे चाललं. परदेशात गाडी चालवायचं इंटरनॅशनल परमिटही तिनं गुपचूप काढून घेतलं.

जूनमध्ये दोघं मुलाकडे, लिओकडे, अटलांटाला निघाली. बॅग भरताना विन्स्टननं मला पाहिलं. "उशी कशाला? अमेरिकेत उशा मिळत नाहीत?"

"माझी पाठ दुखते," ती म्हणाली आणि चेन ओढली.

विन्स्टनला तिथे एकच गोष्ट बघायची होती, सेंट ऑगस्टिन. साडेचारशे वर्षांचं जुनं स्पॅनिश गाव आणि समुद्राकाठचा त्याचा किल्ला. वसईच्या किल्ल्याच्या तटावर क्रिकेट खेळत वाढलेला माणूस तो. लिओ त्यांना घेऊन जाणार होता, पण आयत्या वेळी ऑफिसनं त्याची सुट्टी रद्द केली.

"नेक्स्ट टाइम, डॅडा."

"नेक्स्ट टाइम कशाला? मी नेतो हिला," विन्स्टन म्हणाला.

टेबलावरची लिओच्या गाडीची चावी जोसेफिननं उचलली. "मी चालवणार."

"मम्मा, यू डोन्ट ईव्हन ड्राइव्ह एनीमोर!"

"चालवते. अजमानमध्ये दोन महिने चालवलीय." मग तिनं मला बॅगेतून काढलं.

सहाशे किलोमीटरचा रस्ता. गाड्या आपल्या शारजासारख्याच उजव्या बाजूनं, तेवढा दिलासा. सकाळचे चार तास छान गेले. विन्स्टन खिडकीबाहेर बघत होता. मग जॅक्सनव्हिलच्या अलीकडे आभाळ फुटलं. काचेवर नुसती पांढरी भिंत. दोन्ही बाजूंनी ट्रक पाणी उडवत चाललेले. जोसेफिन ताठ झाली. तरी तिनं इंडिकेटर दिला, एकेक लेन बदलली आणि गाडी रस्त्याकडेच्या रेस्ट एरियात आणून उभी केली. हात स्टिअरिंगवरून सुटेचनात.

"उतर. मी घेतो," विन्स्टन म्हणाला.

"नाही."

"मला समोरचं सगळं दिसतं, जोसेफिन."

"समोरचं दिसतं. बाजूचं?" तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून विचारलं. "तो खांब मला दिसला होता, तुला दिसलाच नाही. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

मग विन्स्टन हळू आवाजात म्हणाला, "काचबिंदू आहे. डॉक्टरनी गाडी चालवू नको सांगितलंय. मे महिन्यात झेब्रा क्रॉसिंगवर एक बाई बाबागाडी घेऊन जात होती. मला दिसली नाही. तिनंच बाबागाडी मागे ओढली." त्यानं चेहरा हातांत झाकला. "गाडी सोडली तर माझ्याजवळ राहतं काय?"

जोसेफिन रडली नाही. तिनं बाहीनं आतून काच पुसली. "मी राहते. पट्टा लाव."

पाऊस ओसरल्यावर तिनं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. आता ती माझ्यावर स्थिर बसली होती.

दुपारी तीनला ती दोघं किल्ल्याच्या तटावर होती. दगडी कट्टा तापला होता म्हणून जोसेफिननं मला काखेत मारून वर आणलं होतं. विन्स्टन भिंतीला हात लावून उभा राहिला. तो दगड बारीक बारीक शिंपले एकमेकांना चिकटून झालेला. त्यावर तो बोटं फिरवत राहिला. मग मान डावीकडून उजवीकडे हळूहळू वळवत त्यानं बुरूज पाहिला, तोफा, खाडी, पलीकडची शिडाची बोट. काही सुटलं की जोसेफिन सांगायची, "आणखी डावीकडे. खाली." तासभर त्यांनी असाच तो किल्ला पाहिला. शेवटी तो म्हणाला, "सगळा बघितला मी."

शारजात परतल्यावर त्यानं आपली चावी स्वतःहून तिच्या हातात दिली. आता रोज सकाळी ती त्याला ऑफिसला सोडते, मग हॉटेलात जाते. महिन्यातून एकदा दोघं दीड तासावरच्या अल ऐनला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातात. गेलेली नजर परत येणार नाही, पण उरलेली टिकवता येईल, असं ते म्हणाले. थेंब मात्र वेळेवर घालायचे.

मी आता चपटी झालेय, एका कोपऱ्यातून फोम बाहेर डोकावतो. माझे फार दिवस उरलेत असं नाही, आणि त्याची तक्रारही नाही. एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरात कुणाला दिसेनासं होत असेल, तर त्याला ते बोलायला जागा द्या. आणि तुम्हालाच दिसेनासं होत असेल, तर पुढच्या झेब्रा क्रॉसिंगच्या आधी सांगून टाका.

परवा अल ऐनहून परत येताना दोन्ही बाजूंना लाल वाळू होती आणि रस्ता सरळ होता. जोसेफिन एकशे वीसनं चालवत होती. आयुष्यात कधी दुसऱ्याच्या गाडीत डोळा न लागलेला विन्स्टन शेजारच्या सीटवर तोंड उघडं टाकून घोरत होता. तिनं रेडिओ बंद केला आणि वेग कमी न करता चालवत राहिली.