गुलाबी औषध

मित्रांनो, मी लसीचे एक जुने कार्ड आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेर तालुक्यातल्या एका पाड्यावर पत्र्याच्या पेटीत मी राहतो. माझ्यावर शीतलचे नाव आहे.

शीतल जन्मली तेव्हा पाड्याच्या आशा सेविका दिपमालाताई यांनी मला तिच्या आईच्या, मोगराबाईच्या हाती दिले. मोगराबाईला वाचता येत नव्हते, पण तिने मला प्लास्टिकच्या पिशवीत जपले. प्रत्येक लसीला मी तिच्यासोबत जात असे. "सगळ्या पाड्यात तुझंच कार्ड कोरं करकरीत," असे दिपमालाताई म्हणत, तेव्हा मोगराबाई लाजून हसे.

शीतल दोन वर्षांची असताना तिचा कान फुटला. कुठल्याशा दवाखान्यातून गोड, गुलाबी औषध मिळाले. तिसऱ्या दिवशी तिच्या अंगभर गांधी उठल्या, डोळे सुजून मिटले. आईबापांनी तिला जळगावला नेले आणि ती वाचली. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या शेवटच्या पानावर लाल शाईने इंग्रजीत एक ओळ लिहिली आणि बाटलीकडे बोट दाखवून बजावले, "बाई, हे औषध हिला पुन्हा कधीही द्यायचं नाही."

मोगराबाईने ते मनात पक्के धरले. गुलाबी औषध द्यायचे नाही.

पुढे लसी संपल्या आणि माझी गरज उरली नाही. मी पेटीच्या तळाशी गेलो. वर लुगडी आली, गोधडी आली. गेल्या हिवाळ्यात शीतलचा बाप रुपसिंग केळी कापायच्या कामावर रावेरला गेला, तेव्हा मायलेकीही सोबत गेल्या. मी घरीच राहिलो. पुढचे सारे मी मोगराबाईच्या तोंडून ऐकले.

शीतलला ताप आला, घसा दुखू लागला. रुपसिंगची मजुरी बुडू नये म्हणून दवाखाना उद्यावर ढकलून त्यांनी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. मोगराबाईने दुकानदाराला विचारले, "हाई गुलाबी नही ना, भाऊ? गुलाबी दवाई तिले नही चालत."

त्याने गोळी दाखवली. "नाही, पांढरी आहे."

तो खोटे बोलला नव्हता.

गोळी दिल्यावर थोड्याच वेळात शीतल तळहात खाजवू लागली. ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. रुपसिंग तिला कवेत घेऊन धावला, केळीचा एक टेम्पो थांबवून चढला. दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत तिचा श्वास थांबला होता.

ते पाड्यावर परतले. दिपमालाताई भेटायला आल्या. मोगराबाईने मला पेटीतून काढले आणि पदराच्या गाठीतून गोळ्यांचे पाकीट सोडले.

"हाई लाल शाईनं काय लिखेल शे, ताई?"

दिपमालाताईंनी माझी ओळ वाचली. मग पाकिटावरचे नाव वाचले. अमॉक्सिसिलिन. दोन्हीकडे एकच. त्यांनी दोन्ही शब्दांवर बोट ठेवून मोगराबाईला दाखवले.

"मी इचारेल व्हतं ना, ताई," मोगराबाई म्हणाली. "गुलाबी शे का, इचारेल व्हतं."

"तू विचारलंस, मोगरा. मी मात्र हे पान कधी उलटून पाहिलंच नाही."

रुपसिंग दारात पाठ करून बसला होता. तो उठून बाहेर निघून गेला.

आता पाड्यात कुणाच्या मुलाला औषध आणले की मोगराबाई तिथे जाते आणि त्याचे पाकीट मागून घेते. मला शेजारी धरून ती अक्षरांशी अक्षरे ताडून पाहते. ते औषध इतर मुलांना चालते, हे दिपमालाताईंनी तिला सांगितले आहे. तरी ती पाहते. आयुष्यात तिला तेवढा एकच शब्द ओळखता येतो.

मित्रांनो, औषधाचा रंग बदलतो, चव बदलते. नाव तेवढे लक्षात ठेवा. तुमच्याही घरी माझ्यासारखे एखादे कार्ड कपड्यांखाली दबलेले असेल. ते काढा. तुम्हाला वाचता येते, तेव्हा शेवटच्या पानापर्यंत आईला मोठ्याने वाचून दाखवा.

शीतल येत्या जूनमध्ये पहिलीत जाणार होती.