चारणारा हात

ऑपरेशननंतर राजदीप घरी आला तेव्हा मला वाटलं, सुटलो एकदाचे. टायफॉईडने आतड्याला भोक पडलं होतं. गोंदियाच्या डॉक्टरांनी खराब झालेला तुकडा काढून टाकला होता. माझा नवरा म्हणजे बोदलकसाच्या तलावात जाळं टाकणारा गडी, आणि आता त्याला पाण्याचा गडवाही उचलवत नव्हता.

निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, थोडं थोडं, पण रोज खायला घाला. अन्न पोचलं की आतडं स्वतःच हार्मोन सोडतं आणि त्यामुळे आतलं अस्तर पुन्हा भरून येतं. अन्नच आलं नाही, तर अस्तर पातळ होतं. मग एरवी आतड्यात गुण्यागोविंदाने राहणारे जंतू, विरलेल्या जाळ्यातून मासळी निसटावी तसे रक्तात शिरतात.

माझी सासू पार्वताबाई हिला ते पटलं नाही. दुखण्यात पोट रिकामं ठेवावं, गाळलेली पेज तेवढी द्यावी, असं तिचं म्हणणं. मी ठणकावलं, डॉक्टर तुमच्यापेक्षा जास्त शिकलेत. ती गप्प बसली. सासू गप्प बसली की सुनेने घाबरावं, पण मला वाटलं मी जिंकले.

मी तिरोड्याला शिलाईच्या दुकानात जाते. निघण्याआधी मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेलं अंडं झाकून ठेवायची. परत यावं तर ताटली चाटूनपुसून साफ. तरी राजदीपच्या बरगड्या दिसू लागल्या आणि एक दिवस ताप चढला.

गोंदियाला नेलं. काय खातो, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी छातीठोकपणे म्हणाले, सगळं खातो. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. रक्तात जंतू शिरलेत आणि अंगात झुंजायची ताकद नाही, म्हणाले. सलाईनमधून औषधं दिली, ताप उतरला. पुन्हा असं झालं तर हा निभावेल असं मी सांगू शकत नाही, एवढं बोलून त्यांनी घरी सोडलं.

मी पुन्हा ताटली झाकून ठेवून दुकानात जाऊ लागले. परवा दुकानातली लाईट गेली म्हणून दुपारीच घरी आले. परसात सासू कोंबड्यांना भात टाकत होती, त्यात अंडं कुस्करलेलं. राजदीप खाटेवर पेजेचा पेला धरून बसला होता.

"हे काऊन करून राहिल्या, मामीजी?" मी सासूच्या हातातली ताटली हिसकावली. "तुमचाच पोरगा हाये तो. मारता काय त्याले?"

राजदीपने मान खाली घातली. मायचा शब्द त्याला मोडवला नव्हता. आणि खरं तर त्यालाही घासाची धास्ती होती, भोक पडलं तेव्हाची कळ तो विसरला नव्हता.

सासू तिथेच खाली बसली. "तुह्या सासऱ्यालेबी असाच ताप होता. भूक लागली म्हने. याच हातानं भात चारला मी. रातभर पोट फुगलं न सकाळी गेले."

ही गोष्ट घरात कधी कोणी काढली नव्हती. माझा राग कुठल्या कुठे गेला, पण भीती दुप्पट झाली. म्हातारीचंच खरं निघालं तर? डॉक्टर गोंदियात बसलेत, घास तर आपल्याला भरवायचा.

मी तिच्याजवळ बसले. सासऱ्यांचं आतडं आधीच फुटलं असेल, भाताने कोणी मरत नाही, असं समजावलं. तिला पटलं की नाही कोण जाणे. मलाही धड पटलं नव्हतं. मी दुसरी ताटली वाढून तिच्यासमोर धरली.

"तुमीच चारा. नाईतर माह्या मागं कोंबड्याच खातीन."

तिने हात धुतले, पुन्हा धुतले. सुपारीएवढा घास केला. राजदीपने डोळे मिटून गिळला. आम्ही तिघंही त्याच्या पोटाकडे बघत राहिलो. पोट होतं तसंच होतं.

बऱ्याच वेळाने त्याने आपणहून तोंड उघडलं. सासूने दुसरा घास पहिल्यापेक्षाही लहान केला.