महिपतीच्या गाडीतून

सिद्धेश्वरी कृषी सहायक होती आणि मंद्रूपच्या पलीकडची पाच गावं तिच्या गळ्यात होती. गावं दिली, गाडी दिली नाही. ऑफिसात एक जीप होती म्हणा, पण ती साहेबांच्या दौऱ्यांना आणि मंत्री आले की त्यांच्या ताफ्यात शेवटी पळायला. सिद्धेश्वरीला एसटी, आणि एसटीनं फाट्यावर सोडलं की पुढं आपले पाय.

ईरप्पाचं गाव सगळ्यांत शेवटचं. तिथं ती चालत जायची. घामाघूम झालेल्या तिला ईरप्पाची बायको गौरम्मा चुलीपुढं बसवायची आणि कडक भाकरी, शेंगाचटणी वाढायची. घरच्या माणसाला वाढावं तशी. चहा ती फक्त पुढाऱ्यांना आणि दुकानदारांना करायची. सिद्धेश्वरी सांगायची ते साधं असायचं. औषधं विकत आणू नका, निंबोळ्या वेचा, घरी अर्क काढा. "ही बाई काय इकत न्हाय, हिचं ऐकावं," ईरप्पा पारावर सांगायचा, आणि गाव ऐकायचं. सरकारनं दिला नव्हता तो मान तिनं तंगडतोड करून मिळवला होता.

यंदा तूर फुलाशेंगांत असताना आभाळ आलं ते हटेचना. वरच्या गावांत अळीनं शेंगा पोखरायला सुरुवात केली. नेमकी तेव्हाच फाट्याची एसटी बंद झाली. तिनं जीप मागितली तर साहेब म्हणाले, "मॅडम, ॲडजस्ट करा ना. जा कुणाच्या तरी गाडीतून."

ती मंद्रूपच्या स्टँडवर ताटकळत होती तेव्हा औषधांच्या दुकानाचा मालक महिपती पिकअप घेऊन आला. "बसा की म्याडम, तिकडंच निगालोय." गाडीच्या दारावर लाल अक्षरात त्याच्या दुकानाचं नाव होतं आणि मागं औषधांची खोकी होती. सिद्धेश्वरीचा पाय क्षणभर अडखळला. पण अळी काही तिच्यासाठी थांबणार नव्हती. ती बसली.

ईरप्पाच्या रानात तिनं शेंग फोडून दाखवली. आत अळी चांगली पोसलेली होती. "मामा, आता निंबोळीनं भागायचं नाही. औषध आणा आणि उद्याच फवारा."

विकत आणा असं ती आजवर कधी बोलली नव्हती. ईरप्पानं तिच्याकडं पाहिलं, मग बांधाकडं. तिथं महिपती खोकी उतरवत होता. "बरं," तो म्हणाला. गौरम्मानं रानातच दोघांना कपबशीतून चहा आणून दिला. सिद्धेश्वरी घाईत होती, तिच्या काही ध्यानात आलं नाही. तिनं शेताचा फोटो काढून ऑफिसला पाठवला. साहेबांच्या लेखी भेट झाली.

फवारलं कुणीच नाही. पुढच्या खेपेला ती चालत गेली तेव्हा तूर खराट्यासारखी उभी होती. ईरप्पा समोर आलाच नाही. गौरम्मा उंबऱ्यातूनच बोलली.

"तुमी त्याच्या गाडीतनं उतरला आन् आल्या आल्या औषध घ्या म्हणला. आमी काय समजायचं?"

"अक्का, मी खरं तेच सांगत होते."

"ते आता कळलं की. तवा कसं कळायचं?"

परतीच्या वाटेवर तिला ईरप्पाचा राग आला, स्वतःचा आला, आणि 'ॲडजस्ट करा' म्हणणाऱ्या त्या तोंडाचा तर इतका आला की रस्त्यात बसून ती रडली. ज्यानं पाठवलं त्याचं काही गेलं नव्हतं. गेली ती तूर, आणि गेला तिचा शब्द. आपली गाडी असल्याशिवाय आपला शब्द आपला राहत नाही, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं शहरात भवानी पेठेत राहणाऱ्या भावाची जुनी स्कूटी मागून आणली.

पुढच्या पेरणीच्या आधी ती स्कूटीवरून थेट ईरप्पाच्या दारात उतरली. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून दोन्ही बाजू पाहिल्या. कुठं कुणाच्या दुकानाचं नाव नव्हतं.

"झ्याक हाय," तो म्हणाला. "महिपतीनं दिली व्हय?" आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. सहज विचारावं तसं त्यानं विचारलं.

"नाही मामा. भावाची आहे."

"व्हय की," ईरप्पा म्हणाला. मग आत वळून त्यानं गौरम्माला चहा टाकायला सांगितला.