संत मामासचं कोकरू

प्राध्यापक मेलिसिनोस खायला लागले की पोलिक्सेनी दुसरीकडे बघायची. बुगात्सा, म्हणजे सायीच्या सारणाची पापुद्र्यांची पेस्ट्री, खाताना ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीत कोणाच्याही अंगावर पिठीसाखर सांडते, त्यात काही पाप नाही. पण हा गृहस्थ प्रत्येक घासानंतर बोटं चोखायचा, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि त्याच बोटांनी दोनशे वर्षांच्या पोथ्यांची पानं उलटायचा. वर विद्यार्थ्यांना स्वच्छतेवर व्याख्यान द्यायचा. त्यांच्या हाताखाली जुनी चित्रं दुरुस्त करताना बावीस वर्षं ती हे बघत आली होती आणि बावीस वर्षं तिला शिसारी येत होती.

एक सप्टेंबरला सकाळी ते बुगात्साचा कागद हातात घेऊनच दुरुस्तीच्या खोलीत शिरले. टेबलावर पांढऱ्या कापडावर संत मामास पहुडला होता. हातभर उंचीची लाकडी फळी, तिच्यावर सिंहावर बसलेला पोरगेला मेंढपाळ, त्याच्या काखेत कोकरू. कोकराला डोकं नव्हतं. वर डोंगरातल्या एका गावाची ही प्रतिमा. शंभर वर्षांपूर्वी त्या गावकऱ्यांचे आजे-पणजे तुर्कस्तानातल्या कॅपाडोकियातून अंगावरच्या कपड्यानिशी निघाले, तेव्हा घरदार, जनावरं, सगळं मागे टाकलं आणि हा एवढा रजईत गुंडाळून आणला. तिकडे आणि इकडे मिळून सात पिढ्यांनी कोकराच्या कपाळावर ओठ टेकवले होते. रंग गेला, रंगाखालचा चुना गेला आणि लाकडात अंगठा बसेल एवढा खळगा पडला.

मार्चमध्ये विद्यापीठाच्या प्रदर्शनासाठी ही प्रतिमा सहा महिन्यांच्या बोलीने आणली होती. आणायला पोलिक्सेनीच गेली होती. गावातल्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सुलतानाआजीने तिला बशीतून बिहीफळाचा मुरंबा खाऊ घातला आणि बजावलं होतं, "तुझ्या सहीवर देतेय, पोरी. त्या तुझ्या सायबाच्या नाही. दोन सप्टेंबरला मामासची जत्रा असते. तोवर घरी आला पाहिजे."

"बांधाबांध थांबवा, पोलिक्सेनी," प्राध्यापक तोंडातला घास न गिळताच म्हणाले. "संत आपल्याकडेच राहणार."

"सर, उद्या जत्रा आहे. दुपारी न्यायला येताहेत ते."

"येऊ देत की. ऑक्टोबरात मंत्री येताहेत. त्यांना काय रिकामी काच दाखवू? कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर हाच आहे." त्यांनी वाकून खळग्याकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. "आणि परत नेऊन करणार काय हे लोक? शंभर म्हाताऱ्या, शंभर तोंडं. लसूण, लिपस्टिक. दोनशे वर्षांची थुंकी साचलीय या फळीवर. मला नुसतं बघूनच मळमळतं."

मळमळत होतं म्हणे. मार्चमध्ये उद्घाटनाला बिशप आले होते, कॅमेरे लागले होते, तेव्हा याच माणसाने तीनदा छातीवर क्रूसाची खूण करून या खळग्यावर ओठ टेकवले होते. इतक्या भक्तिभावाने की बिशपही जरा बाजूला सरकले. दोनच मिनिटांनी प्रसाधनगृहात पुदिन्याच्या औषधाने त्यांनी ज्या खळखळून चुळा भरल्या, त्या पोलिक्सेनीने बाहेर उभं राहून ऐकल्या होत्या. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे.

थुंकीचं म्हणाल तर पोलिक्सेनीचा सगळा धंदाच थुंकीवर चालला होता. जुन्या चित्रावरची काजळी बाटलीतल्या कुठल्याही औषधाने निघत नाही अशी जिभेवरच्या ओलाव्याने निघते. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेला लावायचा, हलकेच फिरवायचा, टाकून द्यायचा, नवा घ्यायचा. मामासचा सिंह तिने उन्हाळाभर असाच उजळवला होता. कॅटलॉगमध्ये याला 'नैसर्गिक द्रावण' म्हटलं होतं. विद्यापीठात शिरली की थुंकीलासुद्धा पदवी मिळते. कोकराला मात्र तिने कापूस लावला नव्हता. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतंच.

"अहवाल लिहा," प्राध्यापक म्हणाले. "लाकडाला भुंगा लागलाय, हलवणं धोक्याचं. विद्यार्थ्यांसाठी तुम्ही नक्कल केली होती ना, ती देऊन टाका त्यांना. त्यांना मुके घ्यायला एक फळी पाहिजे, बस्स."

"भोकं जुनी आहेत, सर. आतून काळी पडलीत. जिवंत भुंगा असला की भोक पिवळं दिसतं आणि खाली पीठ पडतं."

प्राध्यापकांनी हातातला बुगात्साचा कागद झटकला. पिठीसाखर फळीच्या कडेने कापडावर भुरभुरली. ते स्वतःवरच खूश होऊन हसले. दातांना पीठ चिकटलं होतं.

"हे काय मग? लिहा, फळीखालच्या कापडावर पांढरी भुकटी आढळली. यात एक शब्द तरी खोटा आहे का?"

त्यांनी फाइलमधून आणखी एक कागद काढून अहवालाच्या कोऱ्या कागदाशेजारी ठेवला. तिच्या नियुक्तीचं पत्र. दर सप्टेंबरला त्यावर त्यांची सही लागायची, तेव्हा कुठे तिचं पुढचं वर्ष सुरू व्हायचं.

"हेही आजच वर पाठवायचंय. यंदाचं तेविसावं वर्ष ना?"

तिने लिहिलं. 'पांढरी भुकटी आढळली. भुंग्याची शक्यता नाकारता येत नाही.' प्राध्यापकांनी आपलं शाईचं पेन पुढे केलं, कारण कचेरीत निळ्या शाईची सहीच अस्सल धरतात. पेनाचं टोपण चिकट लागलं. तिने सही केली, प्रसाधनगृहात जाऊन दोनदा हात धुतले आणि आरशात बघायचं टाळलं. प्राध्यापकांची किळस येणं सोपं होतं. आज स्वतःचीच येत होती, आणि ती साबणाने जाईना.

दुपारी दोघं आली. गावचे धर्मगुरू पापा-आनेस्तिस, घामाने काळा झगा पाठीला चिकटलेला, आणि त्यांच्या दंडाला धरून सुलतानाआजी. आजीला आता उजेड आणि अंधार यापलीकडे फारसं दिसत नव्हतं. तिच्या काखेत रजई होती, तीच, शंभर वर्षांची, ठिगळांवर ठिगळं लावलेली. मामास पुन्हा काचेच्या पेटीत गेला होता. शेजारी तिवईवर नक्कल ठेवलेली, निळी फीत बांधून.

प्राध्यापकांनी दोघांना खुर्च्या दिल्या, गार कॉफी मागवली आणि डॉक्टर वाईट बातमी देतो तशा आवाजात अहवाल पापा-आनेस्तिसच्या हातात ठेवला. त्यांनी तो मोठ्याने वाचला. वाचता वाचता त्यांचा आवाज बसत गेला.

"आजी, भुंगा म्हणतायत," ते म्हणाले. "देवळात नेला तर बाकीच्या लाकडालाही लागायचा. विद्यापीठाचा कागद आहे. काय करणार आपण?"

"सही कोणाची?" आजीने विचारलं.

"पोलिक्सेनीबाईंची."

"मग खरं असेल." आजीने रजई मांडीवर घेतली आणि तिच्यावरून हात फिरवला. "उद्या लोक विचारतील, आजी, मामास कुठाय. सांगेन, शहरात आजारी पडलाय."

"पण नक्कल अगदी हुबेहूब आहे हो," प्राध्यापक म्हणाले. "कोणाला फरकसुद्धा कळणार नाही."

आजी उठली. तिवईपाशी जाऊन तिने कोकरू चाचपलं, वाकली, ओठ टेकवले. पोलिक्सेनीने तिथे खळगा रंगवला होता, सावलीसकट, लाकडाच्या रेषांसकट. बघणाऱ्याचा डोळा त्यात फसला असता. आजीच्या ओठांना सपाट फळी लागली. तिने पदरासारखं डोक्यावरच्या रुमालाचं टोक घेऊन तोंड पुसलं.

"निघण्याआधी त्याला एकदा भेटू दे," ती म्हणाली.

"पेटी उघडता येत नाही. नियम आहे," प्राध्यापक म्हणाले.

तेव्हा आजी पेटीपाशी गेली आणि जिथे कोकरू असावं असा तिला अंदाज होता तिथे काचेवर ओठ ठेवले. अंदाज बरोबर होता. काचेवर वाफेचा एक गोल उमटला. प्राध्यापकांनी पहारेकऱ्याला भुवईने खूण केली. तो बिचारा पुढे आला, आजी अजून तिथेच उभी असताना फवारा मारला आणि फडक्याने काच पुसून टाकली. फवाऱ्याचे थेंब आजीच्या हनुवटीवर उडाले. प्राध्यापकांनी खिशातला ओला कागद काढून उगाचच आपले हात पुसले.

हीच काच पोलिक्सेनीने पुसली असती तर थुंकीनेच पुसली असती.

"पोरी," आजी काचेकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "माझा नवरा खोगिरांचं लाकूड तासायचा. साठ वर्षं मी भुंग्याशी संसार केलाय. मला एवढंच सांग. पीठ पडतं का?"

"कापडावर पांढरी भुकटी आढळली," प्राध्यापक घाईने म्हणाले. "अहवालात आहे तसं."

"तुम्हाला नाही विचारलं."

पोलिक्सेनीने प्राध्यापकांकडे पाहिलं. मिशीच्या एका टोकाला अजून साखरेचा कण होता. सकाळपासून तिथेच होता आणि बहुधा मंत्र्यांच्या भेटीपर्यंत तिथेच राहिला असता.

"पीठ पडलं होतं, आजी," ती म्हणाली. "पण बुगात्सावरची साखर होती ती. सरांच्या न्याहारीची. भुंगा कधीच मेलाय, तुम्ही लोक समुद्र ओलांडण्याच्याही आधी."

पापा-आनेस्तिसनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग प्राध्यापकांच्या मिशीकडे.

"तो कागद द्या इकडे, फादर," पोलिक्सेनी म्हणाली.

त्यांनी दिला. पोलिक्सेनीने अंगठा जिभेला लावला आणि सहीवर फिरवला. एकदा, मग पुन्हा ओला करून दुसऱ्यांदा. काम तिच्या हातचं होतं. निळी शाई फुटली, पसरली आणि नावाचा नुसता डाग उरला. तिने तो कागद प्राध्यापकांपुढे धरला. घ्यायला त्यांचा हात पुढे झाला आणि ओल्या डागाकडे लक्ष जाताच तसाच मागे गेला.

"शी," ते म्हणाले. मग भानावर येऊन, "उद्यापासून यायचं नाही तुम्ही. ऐकलंत? पत्र विसरा."

"ऐकलं." तिने अॅप्रनच्या खिशातून किल्ली काढली आणि पेटी उघडली. "आज एक तारीख. बोली आज संपते. प्रतिमा यांची आहे."

पहारेकरी फडकं घेऊन उभा राहिला, कोणाचं ऐकावं ते न कळून. शेवटी त्याने फडकं खिशात घातलं आणि पेटीचं जड झाकण धरायला हात लावला.

आजीने मामासला दोन्ही हातांनी घेतलं आणि ओठ सरळ खळग्यात गेले, वर्षानुवर्षं उंबरठा ओलांडणाऱ्या पायासारखे. पापा-आनेस्तिसनी ओठ टेकवले. मग आजीने फळी पोलिक्सेनीपुढे केली. उन्हाळाभर पोलिक्सेनीने ही प्रतिमा भिंगातून पाहिली होती, मोजली होती, फोटो काढले होते. कोकराच्या जवळ तोंड कधी नेलं नव्हतं. लाकूड गुळगुळीत होतं आणि जरासं खारट. सकाळपासून पहिल्यांदाच तिला किळस वाटली नाही.

"आणि ही?" प्राध्यापक तिवईकडे बोट दाखवून म्हणाले. आवाज चिरकला होता. "हिचं मी काय करू?"

"ठेवा की तुम्हाला," आजी म्हणाली. "मीच तेवढं तोंड लावलंय तिला. ती काच पुसता तशी पुसून घ्या, मग मंत्र्याला घाण वाटायची नाही."

तिने खुर्चीवर रजई पसरली, मामासला तिच्यात निजवलं आणि एक टोक कोकरावर ओढलं.

"उभी काय राहिलीस," ती पोलिक्सेनीला म्हणाली. "दुसरं टोक धर."